नरपडहून झाईला, सायवनमार्गे

नरपडहून झाईला जायचं तर किनाऱ्याकिनाऱ्याने जावं. चिखले, घोलवड, बोर्डी, झाई. एसटीने गेलात तरी तासाभराचं काम. मी गेलो तो आतल्या डोंगरातून, सायवन आणि तलासरी करून, आणि मला तीन दिवस लागले. ज्यांना ती वाट माहीत नाही त्यांच्यासाठी हे लिहितो. दर्याकाठच्या पुष्कळांना ती माहीत नाही. मी वेरावळपर्यंत होडी नेलेला माणूस, बावीस वर्षं तांडेल म्हणून सुकाणू धरलं, पण आपल्याच तालुक्यातलं सायवन पंचाहत्तर वर्षांत पाहिलं नव्हतं. आपल्याला काय काम तिकडे, असं म्हणून जन्म गेला.

शाळा माझी तिसरीत सुटली. तेव्हा कोणी लिखाणात चुका काढू नयेत. पाहिलं ते पाहिल्यासारखं लिहितो.

नरपड

माझी नात तन्वी ही माझ्या नलूची एकुलती मुलगी. नलू अकरा वर्षांपूर्वी गेली, छातीत गाठ होऊन, एकोणचाळिसाव्या वर्षी. तन्वी तेव्हा बारा वर्षांची होती. बापाची नोकरी वापीला, तो तिला तिकडे घेऊन गेला. आता ती तेवीस वर्षांची आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं की आई एवढ्या कमी वयात गेली, तर तू रक्त तपासून घे. तिने घेतलं. काही महिन्यांनी कागद आला. तो इंग्रजीत होता, तिने मला वाचून सांगितला.

"आजोबा, एक अक्षर बदललेलं सापडलंय. पण त्याचा अर्थ माहीत नाही, असं लिहिलंय."

मी म्हटलं, अर्थ माहीत नाही तर कागद कशाला दिला. ती हसली नाही. त्या दिवसापासून पोरगी स्वतःची छाती चाचपत झोपते, असं तिच्या बापाने मला फोनवर सांगितलं.

तो कागद ज्यांच्या प्रयोगशाळेतून आला त्या सविताबाई गेल्या वर्षी आमच्या ओटीवर आल्या. वय पन्नाशीच्या आत, अंगाने बारीक, पायात साधी चप्पल. मी त्यांना डॉक्टरीणबाई म्हटलं तर म्हणाल्या, मी औषध देणारी डॉक्टर नव्हे. शरीराच्या प्रत्येक कणात एक लिखाण असतं, त्यातली कुठली चूक कॅन्सर करते आणि कुठली करत नाही, एवढंच मी वाचते. वीस वर्षं झाली, दुसरं काही केलं नाही. शिक्षण परदेशात झालं, म्हणाल्या, आणि गाव विचारलं तर सायवन. मला खरं वाटलं नाही. सायवनचे लोक आमच्याकडे वाडीत चिकू उतरवायला येत, नाहीतर होडीवर खलाशी म्हणून. तिथली बाई परदेशात शिकून येते, हे माझ्या डोक्यात बसेना. तसं मी तोंडावर बोललोही. त्या म्हणाल्या, "माझा बाप खलाशीच होता, बाबा. नरपडच्याच होडीवर. तुमच्या नव्हे."

तेव्हा त्यांनी घरातल्या माणसांची विचारपूस केली आणि कागदावर चौकोन आणि गोल काढत गेल्या. पुरुष चौकोन, बाई गोल. आई कशाने गेली? छातीत गाठ होती, मी म्हटलं, पण ती म्हातारपणाची. बहीण? एक होती. तिलाही गाठ झाली म्हणतात. आहे की गेली, असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "तिच्या नावाने आंघोळ केली आम्ही." बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं. पुढे मी बोललो नाही, त्यांनीही विचारलं नाही.

यंदा भातकापणी चालू असताना त्या परत आल्या. तन्वीच्या अक्षराचा अर्थ अजून लागत नाही, तुमचं रक्त मिळालं तर ते आजोळकडून आलं का एवढं तरी कळेल, म्हणाल्या. आता हे सांगितलं पाहिजे की नलूचा आजार तिच्या आईकडून, म्हणजे माझ्या बायकोच्या माहेरून आला, असं मी सगळ्या गावात सांगत आलो होतो. माझ्या रक्ताची तपासणी म्हणजे माझ्यावर संशय. मी सरळ नाही म्हटलं. वर सांगितलं, बर्फ कुठल्या कारखान्याचा आहे ते बघितल्याशिवाय मी कधी होडीत भरला नाही. तुम्ही लोकांच्या रक्ताचं काय करता ते डोळ्यांनी बघेन, मग ठरवेन.

मला वाटलं, उठून जातील. त्या म्हणाल्या, "मग या. मी तीन दिवस तिकडेच फिरणार आहे. गाडी मीच चालवते."

आता नाही म्हणायला जागा राहिली नाही.

सायवन

घरून निघताना सुक्या बोंबलांची एक जुडी घेतली. लोकांच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये. डहाणू मागे पडलं, वाड्या संपल्या, आणि कासा गेल्यावर रस्ता वळायला लागला. इथे मला लाज वाटण्यासारखी गोष्ट झाली. चौदा वर्षांचा असल्यापासून दर्यात गेलो, वादळात गेलो, पण पोटातलं पाणी कधी हललं नाही. या वळणांवर मला उलटी झाली. बाईंनी गाडी थांबवली, पाणी दिलं आणि दुसरीकडे बघत उभ्या राहिल्या. कोणाला सांगणार नाही, म्हणाल्या. आता मीच सांगतोय.

वाटेत त्यांनी मला त्यांचं काम समजवायचा प्रयत्न केला. म्हणाल्या, जाळं विणताना एक गाठ चुकली की पुढे सगळं चुकत जातं, तसं. मी म्हटलं, बाई, तुम्ही जाळं विणलेलं नाही. चुकली गाठ तिथेच कापतात नि नवी मारतात, पुढची गाठ तिच्यामुळे चुकत नाही. त्या म्हणाल्या, बरोबर. अंगातही तसंच आहे. लिखाण रोज कुठे ना कुठे फाटतं आणि दुरुस्त करणारा रोज ते सांधतो. तुमच्या तन्वीचं बदललेलं अक्षर त्या दुरुस्त करणाऱ्याच्या लिखाणातच आहे. तो त्यामुळे अधू झालाय की धडधाकट आहे, हे माहीत नाही.

हे मला कळलं. होडीच्या फटी भरणारा माणूस दारुडा असला तर होडी कितीही चांगली असून उपयोग नाही. नुसता तोंडाला वास येतो म्हणून तो दारुडाच, असंही म्हणता येत नाही. त्याचं काम बघायला लागतं.

बाईंचं घर कुडाचं होतं ते आता विटांचं आहे, पण चूल बाहेरच्या पडवीत आहे. अंगणात शेणाने सारवलेलं खळं आणि त्यावर भाताचे भारे रचलेले. भात झोडण्याचा आवाज सगळ्या पाड्यावर. आमच्याकडे घरं दर्याला पाठ लावून एकमेकांना चिकटलेली असतात, शेजाऱ्याची खोकल्याची उबळ आपल्याला ऐकू येते. इथे एका घरातून दुसऱ्या घराला हाक मारायची तर छाती फुगवायला लागते. माणसं कमी बोलतात. मी ओटीवर बसलो तर अर्धा तास कोणी विचारलं नाही, कुठून आलात. आमच्याकडे एवढ्यात माणसाच्या आजोबाचं नाव विचारून झालं असतं. आधी मला हा अपमान वाटला. मग कळलं की पाहुण्याला आधी बसू देतात.

बाईंची आई बाहेर आली. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असेल. तिची बोली निराळी, निम्मं कळलं, निम्मं बाईंनी सांगितलं. लेकीबद्दल तिचं म्हणणं असं की ही आश्रमशाळेत होती तेव्हाही सुट्टीत आली की वही घेऊन बसायची, आता मोठ्या शाळेत आहे तरी वही सुटत नाही. नेमकं काय करते असं मी विचारलं तर म्हणाली, रक्त गोठवून ठेवते. बर्फापेक्षा थंड पेट्या आहेत तिच्याकडे. माणूस मेला तरी त्याचं रक्त तिथे असतं. हे तिला आवडत नाही. मेलेल्याचं सगळं मोकळं करावं, म्हणाली.

सविताबाई मला म्हणाल्या की परदेशात होत्या तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, तिथली यंत्रं ज्या लिखाणाशी ताडून बघतात ते सगळं तिकडच्या माणसांचं. आपल्याकडच्या माणसाचं एखादं अक्षर निराळं निघालं की यंत्र म्हणतं, अर्थ माहीत नाही. आपल्या गावाकडच्या एका बाईच्या कागदावर तेच, दुसरीच्या कागदावर तेच. "मी परत आले ती एवढ्यासाठी. अर्थ माहीत नाही असं लिहिलेल्या ओळींचा ढीग आहे, तो कमी करायचा. वीस वर्षांत थोडासा कमी झाला."

दिवस मावळायच्या आत जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, खुरासणीची चटणी, तुरीची आमटी, आणि बोंबलाचं कालवण. माझेच बोंबील असतील म्हणून मी पहिला घास घेतला. माझे नव्हते. हे मोठे, नीट मीठ धरलेले. मी विचारलं, कुठले? म्हातारी म्हणाली, बाजारातले. झाईच्या सुमनबायचे. चाळीस वर्षं तिच्याकडूनच घेते. तुम्ही आणलेत ते बारीक आहेत, ते उद्या करीन.

एवढं बोलून ती थांबली नाही. छातीचं ऑपरेशन झालं, एक बाजू काढून टाकली, तरी टोपली घेऊन येते, म्हणाली. गेल्या बाजाराला मी तिला म्हटलं, बाय, आता बस घरी. तर म्हणते, बसले तर मरेन.

माझा हात भाकरीवर राहिला. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. माझी बहीण गोदी सासरी गेली ती सुमन होऊन. तिचं सासर झाई.

सविताबाई समोरच जेवत होत्या. त्या म्हणाल्या, लहानपणी मी बाजारात गेले की सुमनबाय एक सुकट उचलून माझ्या तोंडात घालायची. आणि आणखी भाकरी मागून घेतली. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी पुढचं जेवण संपवलं. पानात टाकायची सवय नाही म्हणून संपवलं.

तलासरी

दुसऱ्या दिवशी उधव्यावरून तलासरीला गेलो. या बाजूला निम्म्या दुकानांच्या पाट्या गुजरातीत दिसायला लागतात आणि माणसं एका वाक्यात दोन भाषा बोलतात. आम्हीही दर्यावर तेच करतो, त्यामुळे पहिल्यांदा मला घरच्यासारखं वाटलं.

गावाबाहेरच्या एका पाड्यावर जानकी नावाच्या बाईकडे जायचं होतं. तिची आई आणि मावशी दोघी गाठीने गेलेल्या. चार वर्षांपूर्वी तिने रक्त दिलं तेव्हा तिच्याही कागदावर तेच आलं होतं, अर्थ माहीत नाही. आता अर्थ सापडला होता आणि तो सांगायला सविताबाई स्वतः आल्या होत्या.

जानकी भात झोडत होती. हात पुसत आली, आणि बाईंना बघून तिचं तोंड उतरलं. खाली बसवून बाईंनी तिला हळूहळू सांगितलं. तुझ्या रक्तातलं ते अक्षर या भागातल्या पुष्कळ जणांत सापडलं. ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्यांत सापडलं, ज्या आजही रानातून मोळी आणतात. प्रयोगशाळेत ते अक्षर पेशींत घालून बघितलं, दुरुस्तीचं काम नीट चालतं. ते अक्षर तुझ्या वाईटाचं नाही. तरी आई-मावशी गेल्यात, तेव्हा दरवर्षी तपासून मात्र घ्यायचं.

जानकीने दोनदा विचारलं, नक्की? मग जे बोलली ते मी विसरणार नाही.

"धाकट्याला मी अंगावर पाजलं नाही, बाय. दुधातून त्याला जाईल म्हणून. वरचं दूध त्याला सोसलं नाही, दोन वर्षं नुसता आजारी."

सविताबाईंचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, "दुधातून जात नाही, हे मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी नुसता इंग्रजी कागद पोस्टाने पाठवला. चूक माझी आहे." शिकलेली बाई पाड्यावरच्या बाईसमोर असं म्हणाली. मी आयुष्यात कधी खलाशासमोर म्हटलं नाही. एकदा माझ्या हट्टाने जाळं खडकावर फाटलं, तेव्हाही मी वाऱ्याला दोष दिला होता.

जानकीने आम्हाला चहा केला. निघताना ज्या म्हाताऱ्यांनी रक्त दिलं त्यांच्यातली एक भेटली. तिला बघून मी विचारलं, आजी, तुला सुई टोचायला काय सांगितलं होतं? ती म्हणाली, सांगितलं की तुझं जगणं कोणाच्यातरी उपयोगी पडेल. फुकट पडलंच होतं, म्हटलं घ्या.

हायवेवर एका चहाच्या टपरीशी थांबलो. ट्रक जात होते. मी बाईंना विचारलं, तन्वीच्या अक्षराचा अर्थ लागायला काय लागेल? त्यांनी पिशवीतून कागद काढून बाकावर पसरला. आमच्या घराचा तोच कागद, चौकोन आणि गोल. इंग्रजी मला येत नाही, पण चित्र कळलं. वर माझी आई, काळा गोल. खाली मी चौकोन, शेजारी एक काळा गोल. माझ्याखाली नलू, काळा गोल. तिच्याखाली तन्वी, पांढरा गोल, त्यात प्रश्नचिन्ह. तिन्ही काळ्या गोलांवर तिरकी काट मारलेली.

"काळं म्हणजे आजार झालेली," बाई म्हणाल्या. "काट म्हणजे गेलेली. ज्यांना आजार झाला त्यांच्यात हे अक्षर होतं का, हे बघायला लागतं. म्हाताऱ्यांनी जानकीला सोडवलं, पण तुमच्याकडे विचारायला कोणी राहिलंच नाही, बाबा. तिघी गेल्या. रक्त कोणाचंच ठेवलेलं नाही."

मी माझ्या शेजारच्या गोलावर बोट ठेवलं. ही काट कशी आली, विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्हीच सांगितलं की. नावाने आंघोळ केली म्हणालात. आमच्या पाड्यावर माणूस गेल्यावरच आंघोळ करतात.

आमच्याकडे जिवंत माणसाच्या नावानेही करतात. तो मेला असं सगळ्यांना कळवायला.

चहा थंड झाला. मी उठलो, रस्त्याच्या कडेला जाऊन आलो, परत बसलो. आता नाही बोललो तर आयुष्यात बोलणार नाही, हे मला कळत होतं. आणि बोललो तर या बाईसमोर माझं काय राहील, हेही कळत होतं. आदल्या दिवसापासून मी तेच तोलत होतो. जानकीच्या पोराचं ऐकल्यावर पारडं झुकलं.

मी सांगितलं. नलूच्या तेराव्याला माणसं जमली होती. गोदी उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, दादा, ही आईचीच गाठ आहे. आपल्या रक्तातली आहे. तन्वीला मोठी झाली की तपासून घे. माझी पोर गेलेली, आणि बहीण चारचौघांत माझ्या रक्ताला बोट लावते. मी तिथून उठलो, अंगणातल्या विहिरीवर गेलो आणि तिच्या नावाने डोक्यावरून पाणी घेतलं. सगळ्यांनी बघितलं. ती जेवली नाही, तशीच झाईला गेली. सात वर्षांपूर्वी तिला गाठ झाली, मुंबईत ऑपरेशन झालं. मासळीवाल्या बायकांनी मला सांगितलं. मी गेलो नाही. आमच्या घरात तिचं नाव निघत नाही, त्यामुळे तन्वीलाही वाटतं की ती आजी कधीच गेली. "ती सायवनच्या बाजारात बोंबील विकते. काल तुम्ही तिचंच कालवण खाल्लं. सुमन म्हणजे गोदी."

सविताबाई कागदाची घडी करत म्हणाल्या, "तुमच्या आंघोळीत माझं दीड वर्ष गेलं, बाबा. माझं जाऊ दे. त्या पोरीचं गेलं."

मला राग आला. कोणी मला असं बोललेलं नाही. पण राग ठेवायला जागा नव्हती, म्हणून गिळला.

झाई

तिसऱ्या दिवशी तलासरीहून खाली उतरलो. झाडी विरळ झाली, ताडाची झाडं दिसायला लागली आणि वाऱ्याला खारा वास आला. झाई म्हणजे महाराष्ट्राचा शेवट, पलीकडे गुजरात. बंदरावर बोंबील वाळत घातलेले, काठ्यांच्या मांडवावर जबड्यात जबडा अडकवून. आमच्याकडेही असेच घालतात. गोदीला हे मी शिकवलं, ती सात वर्षांची असताना.

ती मांडवाखालीच होती. पदर कमरेला खोचलेला, डावा खांदा जरा खाली उतरलेला. मला बघितलं आणि हातातलं काम थांबवलं नाही. एक गिऱ्हाईक तिला सुमनबेन म्हणून हाक मारत होतं, त्याला आधी माल दिला. मग माझ्याकडे न बघता सविताबाईंना विचारलं, ही कोण माणसं?

बाईंनी ओळख दिली. सायवनच्या अमकीची मुलगी म्हटल्यावर गोदीने त्यांना जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला. बाईंनी तिथेच सगळं सांगितलं. तन्वीचं अक्षर, त्याचा न लागलेला अर्थ, आणि तुमच्या रक्ताने तो लागू शकेल, हे. गोदीने नीट ऐकून घेतलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"मेलेल्या बाईचं रक्त कसं काढणार, दादा?"

तिने आणखी दोन बोंबील काठीवर अडकवले.

"लोक म्हणतात, माणूस मेल्याची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. ऑपरेशनच्या वेळी मी डॉक्टरला म्हटलं, घाबरू नका, माझ्या भावाने मला आधीच मारून ठेवलंय, मी आता मरत नाही."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसलो असतो, पण ती हसत नव्हती. म्हणाली, चंपाला तू काय काय बोललास ते माझ्या कानावर यायचं. चंपा म्हणजे माझी बायको. नलूनंतर पाच वर्षांनी गेली. नलूचा आजार तुझ्या माहेरचा, हे मी तिला शेवटपर्यंत ऐकवत होतो आणि तिने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. माहेरी जाणंही बंद केलं होतं तिने. आता तिला सांगायला जागा नाही. गोदीने दुखणं बरोबर शोधलं आणि तिथेच बोट ठेवलं. आम्ही एकाच आईचे.

मग तिने सविताबाईंसमोर स्टूल ओढलं आणि म्हणाली, "रक्त देते. पण आधी त्याचं काढा. मी बघेन."

कागदावर सही करायची होती. मी पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. वेळ लागला. बाही वर केली आणि हात पुढे केला. शीर सापडेना. सविताबाईंनी एकदा टोचलं, रक्त आलं नाही. दुसऱ्यांदा टोचलं. गोदी वाकून बघत होती.

"रक्त पण हट्टी," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा नळी भरायला लागली. काळपट लाल. मी ते बघत राहिलो. यावरून मी एवढं भांडलो होतो आणि ते कोणाच्याही रक्तासारखं दिसत होतं. नंतर गोदीने उजवा हात पुढे केला. ऑपरेशन डाव्या बाजूचं, त्या हाताला आता सुई टोचू देत नाहीत, म्हणाली. सही मात्र केली नाही, अंगठा दिला. तिला शाळेत कोणी घातलंच नव्हतं. मला घातलं होतं.

तिने जेवायला थांबवलं. भात आणि ताज्या बोंबलाचं कालवण. वाढताना म्हणाली, मेलेल्याच्या हातचं चालेल ना? मी खाली बघून जेवलो. दोनदा भात घेतला. दुसऱ्यांदा मागितला तेव्हा तिच्या हातातला डाव जरा थांबला, मग तिने पहिल्यापेक्षा जास्त वाढला.

परत नरपड

संध्याकाळी बाईंनी मला किनाऱ्याकिनाऱ्याने घरी सोडलं. बोर्डी, घोलवड, चिखले. तास पण लागला नाही.

मार्गशीर्ष सरता सरता सविताबाई आल्या. फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून आल्या. तन्वीलाही वापीहून बोलावून घेतलं होतं. ओटीवर आम्ही तिघं बसलो. बाईंनी तोच कागद पसरला. गोदीच्या गोलावरची काट खोडून टाकली होती.

ते अक्षर गोदीत सापडलं. माझ्यातही सापडलं. एका घरावरून अर्थ ठरवत नाहीत, बाई म्हणाल्या, पण त्यांच्या थंड पेट्यांत आणखी दोन कुटुंबं होती, त्याच अक्षराची, कित्येक वर्षं अर्थाविना पडलेली. गोदीच्या रक्ताने ती तिन्ही जुळली. पेशींतही घालून बघितलं. दुरुस्त करणारा अधू आहे. आता त्या ओळीवर अर्थ लिहिता येतो, आणि तो चांगला नाही. पण कळल्यामुळे तन्वीची तपासणी वेळेवर करता येईल, दरवर्षी, मोठ्या यंत्रात. गाठ आलीच तर तांदळाएवढी असताना सापडेल. पुढे काय करायचं ते तिने ठरवायचं, घाई नाही. त्या दोन कुटुंबांकडेही बाईंना आता जायचं होतं. या वेळी कागद पोस्टाने पाठवणार नाही, म्हणाल्या.

तन्वी रडली नाही. तिने कागद स्वतःकडे ओढला आणि चौकोनांवरून, गोलांवरून बोट फिरवलं. खालून वर. तिच्या गोलापासून नलूच्या गोलापर्यंत. तिथून दोन रेषा निघतात, एक माझ्याकडे, एक चंपाकडे. तिचं बोट तिथे थांबलं. तिला इंग्रजी येतं, सगळं समोर लिहिलेलं होतं. तरी तिने मला विचारलं.

"आजोबा, हे आजीकडून आलं का?"

गावात सगळ्यांनी तिला तेच सांगितलेलं. सविताबाई काहीतरी बोलणार होत्या, मी हाताने थांबवलं.

"नाही. माझ्याकडून. आजीच्या माहेरचं नव्हतंच कधी. मी खोटं सांगत होतो."

मला वाटलं, ती उठून आत जाईल. मग तिने गोदीच्या गोलावर बोट ठेवलं आणि विचारलं, या आजीला असून ती जगलीय? मी म्हटलं, जगलीय. टोपली उचलते. बोलायला फार तिखट आहे.

तन्वीने फोन काढला आणि तिचा नंबर मागितला. माझ्याकडे नंबर होता, गोदीच्या सुनेने दिलेला. मी दिला नाही. म्हटलं, फोन कशाला, झाई काय लांब आहे. चप्पल घाल.

दुपारची बोर्डीची एसटी मिळाली. पोरगी खिडकीशी बसली आणि मी तिच्या शेजारी.